खांद्याच्या नसेचं निदान आणि ईएमजी टेस्ट, माझा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वेटिंगसाठी, अपॉइंटमेंट घेऊनही अडीच तास बसवलं आणि दुखरा हात मांडीवर सांभाळत बसणं सोपं नसतं हो.

पण न्यूरॉलॉजिस्ट मॅडमबद्दल मनापासून लिहितेय. पहाटे तीनला उजव्या खांद्यात अशी कळ आली की ताडकन उठून बसले, पेनकिलरने ढिम्म फरक नाही, दहा दिवस धड झोप नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात ताप येऊन गेलेला, पण ते कुणी विचारलंच नाही. दोन ठिकाणी फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, म्हणून शेक आणि व्यायाम दिले. मग दुखणं ओसरलं, मला वाटलं सुटले, तर हातच वर जाईना.

मॅडमनी आधी फाइल बाजूला ठेवली आणि भिंतीला दोन्ही तळवे टेकवून जोर लावायला सांगितला, तर पाठीवरचं उजव्या खांद्याचं हाड पंखासारखं बाहेर आलं. मग त्यांनी स्वतः माझा हात उचलला, तो पूर्ण वर गेला. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात अडतो, म्हणजे सांधा ठीक होता, नस गेली होती. पार्सोनेज-टर्नर सिंड्रोम म्हणाल्या, खांद्या-हाताच्या नसांचा आजार, 1948 साली याच नावाच्या दोन डॉक्टरांनी 136 पेशंटचं वर्णन केलेलं, इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतरही होऊ शकतो. आधी वेड्यासारखं दुखतं आणि मग ताकद जाते, हा क्रमच डॉक्टरांना नीट सांगा.

मानेचा एमआरआय केला, गादी दाबली गेलेली नाही हे बघायला. ईएमजी म्हणजे नसा आणि स्नायू नीट काम करतात का ते शॉक आणि सुईने बघायची टेस्ट, तिच्याबद्दल एक महत्त्वाचं, दुखायला लागल्यावर साधारण तीन आठवडे झाले की मगच करा, आधी केली तर नॉर्मल येऊ शकते कारण स्नायूतले बदल दिसायला तेवढा वेळ लागतो. माझी पहिली टेस्ट दुसरीकडे सहाव्या दिवशी झाली होती, ती नॉर्मलच आली आणि मी उगाच निर्धास्त झाले. इथल्या टेक्निशियन ताईंनी प्रत्येक सुई टोचायच्या आधी सांगितलं. शॉक सहन होतात, सुई टोचून स्नायू आवळायला लावतात तेव्हा दुखतं. त्या दिवशी अंगाला तेल, क्रीम काही लावू नका.

स्नायू भरायला एक-दोन वर्षंही लागतात असं स्पष्ट सांगितलं, खोटा दिलासा दिला नाही, आणि वजनं उचलू नका, फिजिओ हळूच करा म्हणाल्या. पाचवा महिना चालू आहे, हात कपाळापर्यंत जातो, वेणी अजून लेक घालून देते.