महाद्वार रोडच्या बोळातलं डीटीपी-फ्लेक्सचं दुकान: मजकुरासाठी पाचपैकी चार तारे

फ्लेक्सची छपाई कोल्हापुरात कुठंही बरी मिळते. इथं जायचं ते मजकुरासाठी. टाईप करायच्या आधी ऑपरेटर दोन गोष्टी विचारतो: बोर्ड लागणार कुठं आणि वाचणार कोण? शब्द टोचणार की नाही, हे निम्मं तिथंच ठरतं.

तालमीतल्या पोरांचा वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. दहा बाय आठचा, आणि त्यावर दोस्ताला 'रांडच्या' म्हणायचं असतं. कट्ट्यावर हा शब्द मायेचा, कारण दोघांची ओळख जुनी आणि सूर कानावर पडतो. चौकात टांगला की सूर जातो, ओळख जाते, उरते ती आईवरची शिवी. त्यातही 'रांड'चा जुना अर्थ विधवा. म्हणजे खालून जाणाऱ्या नवरा गेलेल्या बाईला तो दुप्पट लागतो. दुकानात 'भावा', 'वाघा' सुचवतात, 'नाद खुळा'ला हात लावत नाहीत. रांगडेपणा राहतो, शिवी जाते.

लग्नपत्रिकेत काम आणखी नाजूक. घरून आलेल्या मजकुरात आजीच्या नावामागं 'गं. भा.' असतं. 'गंगा भागीरथी' हा आदराचा शब्द खरा, पण तो नवरा नसल्याचीच दवंडी पिटतो. बायको गेलेल्या पुरुषाला असं काही चिकटत नाही. 2023 मध्ये विधवांसाठी हाच शब्द सरकारी वापरात आणायचा प्रस्ताव पुढं आला, तेव्हा टीका झाली ती उगीच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केलाय; 'श्रीमती' पुरेसं आहे. दुकान तेच सुचवतं, वर "आजींना विचारून या" म्हणतं. ही सवय सगळ्यात मोलाची.

रक्षाविसर्जनाचा मजकूरही नेटका करतात: 'दुःखद निधन', मग वार, वेळ, ठिकाण. फुलोरा नाही.

एक तारा कापला तो मऊपणाच्या अतिरेकासाठी. श्रवणयंत्र वाटपाच्या बोर्डावर 'कर्णबधिर' खोडून सरसकट 'दिव्यांग' टाकतात. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. नुसत्या 'दिव्यांग'वरून शिबिर कुणासाठी हे कळायचं कसं? 'बहिरा' टोचतो, 'कर्णबधिर' टोचत नाही आणि नेमका आहे. विजेच्या डीपीवर (वीजवाटपाच्या पेटीवर) लावायच्या बोर्डासाठी तर 'विजेपासून सावध राहावे ही विनंती' असा नमुना दाखवतात. तो घेऊ नका. 'हात लावू नका. जीव जाईल.' एवढंच मोठ्या अक्षरात हवं. जिथं धोका आहे तिथं विनंती चालत नाही.

प्रूफ व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतं, त्यात बारीक अक्षर फुटतं. पीडीएफ मागून घ्या आणि ज्याच्याबद्दल मजकूर आहे त्यालाच आधी वाचून दाखवा. छपाई सुरू झाली की बदलाचे पैसे वेगळे.