एअर सस्पेन्शनसाठी चुंबकी अँगल गेज: यंत्र ठीक, घोळ फरशीचा

नागपूरच्या इतवारीत सुतारकामाच्या हत्यारांसोबत मिळतो तो चौकोनी डिजिटल अँगल गेज (कल मोजायचं यंत्र) मर्सिडीजच्या एअरमॅटिकची, म्हणजे हवेवरच्या सस्पेन्शनची, उंची लावायला चालतो का? मागच्या चाकांना चालतो. पुढच्यांना जुगाड लागतो.

या गाड्यांत उंची लावताना पुढे लोअर आर्मचा (चाक धरणारा खालचा दांडा) आणि मागे ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) कल मोजून ते अंश स्कॅनरमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रात, भरतात. रोमेस कंपनीचा गेज खास याच कामाचा, पण महाग. साधा गेज ०.०५ अंशापर्यंत आकडा दाखवतो. भरवसा मात्र ±०.२ चाच धरावा. ३५० मिमीच्या आर्मवर १ अंश म्हणजे टोकाला सुमारे ६ मिमी, म्हणून ०.२ ची चूक सव्वा मिमीच्या आसपास. तेवढी खपते.

शाफ्ट पोलादी आणि गोल, त्यामुळे तळाला व्ही-खाच असलेलाच गेज घ्या. पुढचा आर्म बऱ्याच मॉडेलांत अ‍ॅल्युमिनियमचा. चुंबक धरत नाही आणि ओतीव पृष्ठभागही सपाट नसतो. सरळ पट्टीला सारख्या उंचीच्या दोन पिना लावून त्या मॅन्युअलमधल्या बिंदूंवर टेकवा, गेज पट्टीवर ठेवा. हाताने धरलेलं रीडिंग दर वेळी वेगळं येतं.

खरी गडबड फरशीची. पाणी जायला मीटरला १ सेंमी उतार असला तरी ०.५७ अंश होतात. एका बाजूला साडेतीन मिमी जास्त, दुसरीकडे तितकेच कमी, आणि गाडी कायमची कललेली. गवंड्याची लेव्हल नळी लावून चारही चाकांखालची जागा तपासा. उतार आडवा असेल तर दोन्ही चाकांच्या तळाशी टेकणारी पट्टी टाकून तिथेच झिरो दाबा. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा झिरो वेगळा घ्या.

चिन्हाकडेही लक्ष हवं. बहुतेक गेज उणे दाखवत नाहीत, फक्त बाण दाखवतात. उणे १.५ च्या जागी अधिक १.५ भरलं की ३ अंशांची, म्हणजे १८ मिमीची चूक!

मोजण्याआधी टायरची हवा बरोबर करा, बॅटरीला चार्जर लावा, गाडीत कोणी नको. जॅकवरून उतरवल्यावर अर्धा मीटर पुढे-मागे ढकला, नाहीतर टायर आत ओढलेले राहतात. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली शिरू नका. फोर-पोस्ट लिफ्टच बरी.

मे महिन्यात गेज डॅशबोर्डवर राहिला तर डिस्प्ले काळा पडतो. सावलीत थंड करून, १८० अंश फिरवून दोन्ही रीडिंग जुळतात का पाहा.

रात्रीतून गाडीचा एक कोपरा खाली बसत असेल तर आधी साबणाच्या पाण्याने गळती शोधा. चाकांची अलाइनमेंट उंची नीट लागल्यावरच.