नेरूळचा रिकामा फ्लॅट विकताना आलेला दोन एजंटांचा अनुभव

फ्लॅट गुढीपाडव्याला विकायला काढला, करारनाम्याची नोंदणी दिवाळीच्या तोंडावर झाली. टू बीएचके, १९९८ चा, सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) प्लॉटवरच्या सोसायटीतला. नेरूळच्या दरांबद्दल इथे लिहीत नाही, ते सेक्टरागणिक वेगळे आणि एजंटागणिक आणखी वेगळे. मी लिहितेय ते एजंट कसा निवडावा यावर, आणि माझं म्हणणं ठाम आहे: तो तुमच्या चावीचं काय करतो ते आधी बघा. ब्रोकरेज, फोटो, ओळखी हे सगळं त्यानंतर.

घाई का होती ते आधी सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही ठाण्याला मानपाड्यात घर घेतलं आणि राहायला गेलो. जुन्या घराच्या विक्रीतून झालेल्या भांडवली नफ्यावर करसवलत हवी असेल, तर नवं घर विक्रीच्या आधी एका वर्षाच्या आत घेतलेलं चालतं. म्हणजे नेरूळचं घर डिसेंबर २०२५ उजाडायच्या आत जायलाच हवं होतं. त्यामुळे ‘विमानतळ सुरू होऊ द्या, मग बघा काय भाव येतो’ असं जो जो म्हणाला त्याला मी ही मुदत ऐकवली. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि विमानं उडाली २५ डिसेंबरला. तोवर थांबलो असतो तर वरचे चार पैसे करातच गेले असते.

घराच्या तयारीवर फार खर्च करू नका. पहिल्या एजंटाने मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि ‘शो फ्लॅट लुक’ सुचवला होता. मी साफ नकार दिला. घेणारा स्वतःच्या आवडीचं किचन करतोच, आपलं केलेलं उखडून टाकतो. आम्ही केलं ते एवढंच: माळे रिकामे केले, भंगारवाल्याला बोलावलं, गळके नळ आणि फ्लशचा व्हॉल्व्ह बदलला, बाथरूमच्या टाइल्सचे सांधे भरून घेतले आणि पश्चिमेच्या भिंतीची ओल बाहेरून दुरुस्त करून मगच रंग दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रंग दिला असता तर पहिल्या पावसात पोपडे आले असते. बाहेरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं हे आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) सोसायटीचं काम. मी सेक्रेटरींना तसं लेखी दिलं आणि त्यांनी ते करून दिलं. बाल्कनीला सरकत्या काचा होत्या, कबुतरांची जाळी नव्हती. काचा बंद असल्या की जाळीची गरज नाही, असा आमचा हिशोब होता.

पहिली फर्म मोठी. अॅप, टी-शर्ट घातलेली मुलं, रुंद लेन्सचे फोटो. एप्रिलमध्ये मला कुणी विचारलं असतं तर पाचपैकी चार दिले असते. फोटो खरंच छान होते आणि दर शनिवारी कोण येऊन गेलं त्याचा तक्ता मोबाइलवर यायचा. जाहिरातीत कार्पेट (घराच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) क्षेत्रफळाऐवजी जिना-लॉबीचा वाटा धरलेलं सुपर बिल्ट-अप क्षेत्रफळ टाकून घर फुगवलं होतं आणि सोसायटीच्या मालकीचं पार्किंग ‘फ्लॅटसोबत’ असं लिहिलं होतं. दोन्ही मी बदलायला लावलं, त्यांनी बदललं. करार एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फ्लॅट फक्त त्यांच्याकडेच, तीन महिन्यांचा. ब्रोकरेज १ टक्का, वर १८ टक्के जीएसटी. एक कोटीचा व्यवहार धरला तर १ लाख आणि वर १८ हजार. मी जीएसटीवरून कुरकुर केली, पण मोठी फर्म, मोठी यादी, म्हणून मान्य केलं.

चावी त्यांच्या ऑफिसात दिली. पावती मागितली तर ‘मॅडम, अॅपवर नोंद आहे’ असं उत्तर. मग एका ओळखीच्या ब्रोकरने मला व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेसेज दाखवला. आमचाच फ्लॅट, आणि खाली लिहिलेलं: ‘की इन हॅन्ड, एनी टाइम व्हिजिट’. म्हणजे नेरूळ ते खारघर या पट्ट्यातला कुठलाही सब-ब्रोकर तिथून चावी उचलणार आणि आपली पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, घेऊन जाणार. शनिवारच्या तक्त्यात यातलं कुणीच नसायचं. तक्त्यात फक्त त्यांची स्वतःची पार्टी.

लोक खरंच घरात येऊन जातायत हे लक्षात आलं ते महावितरणच्या बिलावरून. बंद घर. स्थिर आकार येणार हे ठाऊक आहे, पण युनिट का वाढावेत? नवरा ट्रान्स हार्बरने नेरूळला जाऊन आला. गिझर चालू. कुणीतरी ‘चालतो का’ म्हणून बटण दाबलं आणि तसंच सोडून निघून गेलं. हॉलचा पंखाही फिरत होता. फर्मला फोन केला, तर ‘आम्ही टीमला इन्फॉर्म करतो’. पुढच्या खेपेला बेडरूमचा पंखा. रक्कम मोठी नव्हती हे मला मान्य आहे. पण ज्याला दुसऱ्याच्या घरातलं बटण बंद करायचं सुचत नाही, त्याच्या हातात मी माझं घर का द्यावं? काहींना हा हट्ट वाटेल. मला तसं वाटत नाही.

मग मे महिना. २०२५ चा पाऊस आठवत असेल, २६ मे लाच मुंबईत दाखल झाला, इतका लवकर की कुणाची छपरं शाकारून झाली नव्हती. समोरच्या काकूंचा फोन आला, ‘तुमच्या दाराखालून पाणी येतंय.’ जाऊन बघतो तर बाल्कनीची काच सताड उघडी, हॉलभर पाणी, आणि किचनच्या माळ्यावर कबुतरांनी घरटं मांडलेलं. ओट्यावर, सिंकमध्ये, नव्या रंगाच्या भिंतीवर विष्ठा. त्या फर्मच्या मॅनेजरचं म्हणणं, शेवटची व्हिजिट त्यांची नव्हती, सब-ब्रोकरची होती, तेव्हा जबाबदारी त्यांची नाही. कोण सब-ब्रोकर? नाव नाही, नंबर नाही. चावी तुमच्याकडून गेली ना? त्यावर उत्तर नाही. साफसफाई आणि रंगाचा हात पुन्हा, सगळा खर्च आमचा. वर कराराचे तीन महिने संपेपर्यंत फ्लॅट दुसऱ्या कुणाला देता येईना. मी चावी त्याच दिवशी परत घेतली आणि लेखी ईमेल टाकला की यापुढे आमच्यापैकी कुणी हजर असल्याशिवाय व्हिजिट होणार नाही. जूनमध्ये त्यांनी एकही पार्टी आणली नाही.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार कर, असं माझा भाऊ म्हणाला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एजंटाचा महारेरा नंबर असतो आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षेचं प्रमाणपत्रही लागतं, हे चांगलंच आहे. पण रेरा कायद्यातली एजंटाची नोंदणी आहे ती बिल्डरच्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीतल्या अशा भांडणात त्या नंबरचा फारसा आधार मिळत नाही. तेव्हा दारावरचा नंबर बघून निश्चिंत होऊ नका, करारात काय लिहिलंय ते बघा.

जुलैत दुसऱ्या एजंट बाईंकडे गेलो. सेक्टरच्या मार्केटमध्ये एक गाळा, एक टेबल, मागे बिल्डिंगांच्या नावांचे खण केलेलं कपाट. पोर्टलवर जाहिरात टाकत नाहीत हे ऐकून मला वाटलं, इथे काही होणार नाही. ब्रोकरेज तेवढंच, १ टक्का. जीएसटी नाही, कारण त्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली. घेणाऱ्याकडूनही ब्रोकरेज घेणार हे त्यांनी पहिल्याच बैठकीत तोंडावर सांगितलं. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, चावी कशी ठेवता?

त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. प्रत्येक चावीला एक पान. कोण घेऊन गेलं, कोणासोबत, किती वाजता, परत कधी, सही. दुसऱ्या ब्रोकरची पार्टी असली तरी चावी त्याच्या हातात द्यायची नाही, त्यांचा मुलगा सोबत जाणार. मला चावीची पावती मिळाली, तारीख घालून, छापील. आणि पहिल्या व्हिजिटनंतर संध्याकाळी मोबाइलवर फोटो आले: बाल्कनीची काच लावलेली, किचनची खिडकी लावलेली, मेन स्विच खाली पाडलेला, दाराचं कुलूप. मी हे मागितलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक वेळी आले. ऑगस्टचं वीजबिल हातात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो इथे लिहून पोचणार नाही. पार्टी कमी येत होत्या, पण येत त्या बजेट विचारून, कर्जाची पात्रता बघून आणलेल्या. रिडेव्हलपमेंट कधी होणार हे प्रत्येकजण विचारायचा. या एजंट ताई थापा न मारता सांगायच्या की तसा ठराव झालेला नाही, आणि पुढ्यात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल ठेवायच्या. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट व्हायला हवं, ते आमच्या सोसायटीने केलेलं होतं. ती झेरॉक्स ताईंनी आमच्याकडून पहिल्याच आठवड्यात मागून घेतली होती.

पितृपक्षात कोणी फिरकलं नाही. दसऱ्याला एका जोडप्याने टोकन दिलं. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते हे त्यांना ताईंनीच सांगितलं, आणि त्या वाचलेल्या रकमेमुळे आमच्या भावावरची ओढाताण थांबली.

इथपर्यंत मी ताईंना पाचपैकी पाच देणार होते. पण सिडकोच्या कामात त्या कमी पडल्या, तेही लिहायला हवं. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि क्षेत्रफळानुसार शुल्क. हे काम त्या एका सल्लागाराकडे सोपवतात आणि त्याची फी वेगळी. हे आधी सांगितलं नव्हतं. दुपारी एक ते चार त्यांचा फोन बंद, आणि बेलापूरच्या सिडको भवनातून काही विचारायचं झालं तर नेमकी तीच वेळ. शेवटी आम्ही दोघांनीच फाईल फिरवली, जमलं. अर्धा गुण कापला.

सोसायटीच्या बाबतीत मात्र त्या खमक्या निघाल्या. कमिटीने ट्रान्सफरच्या वेळी ‘ऐच्छिक विकास निधी’ मागितला. हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफरसाठी सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजारांच्या वर घेता येत नाही, असं ९ ऑगस्ट २००१ चं सरकारी परिपत्रक आहे. त्याची प्रत ताईंच्या कपाटात तयार होती. ती दाखवल्यावर विषय संपला.

कराचं एजंटाकडून ऐकू नका, दोघांकडूनही नाही. पहिल्या फर्मचा मुलगा म्हणाला होता, ‘साडेबारा टक्के, बस.’ २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला आपल्यासारख्या निवासी व्यक्तींना इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के आणि त्याशिवाय १२.५ टक्के, यात जो कर कमी तो भरता येतो. आमचं घर २००१ च्या आधीचं, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरण्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेतला. सीएने दोन्ही आकडे मांडून दाखवले. त्यातला कमी आकडा, आणि त्यावर मानपाड्याच्या घराची सवलत. घर दोघांच्या नावे असल्याने घेणाऱ्याने कापलेला १ टक्का टीडीएससुद्धा दोघांच्या पॅनवर वेगवेगळा भरायला लावा. आम्ही आधीच सांगून ठेवलं म्हणून ते नीट झालं.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या फर्मचा मेसेज आला. हे जोडपं आमच्या यादीतलं आहे, करारातल्या कलमाप्रमाणे मुदत संपल्यावर सहा महिन्यांत त्या पार्टीला विकलं तरी ब्रोकरेज द्यावं लागेल. असं कलम बहुतेक एक्सक्लुझिव्ह करारात असतं, सही करण्याआधी वाचा आणि ‘पार्टीच्या नावांची यादी मुदत संपताना लेखी द्यावी’ एवढं त्यात घालून घ्या. मी त्यांना विचारलं, पार्टी आमच्या फ्लॅटवर कधी आली, कोणासोबत आली? त्यांच्या तक्त्यात नाव नव्हतं. ताईंनी वहीतल्या पानाचा फोटो पाठवला, त्या जोडप्याच्या पहिल्या भेटीची तारीख आणि सहीसकट. तो पुढे धाडला. परत मेसेज आलेला नाही.

वीजजोडणी नव्या मालकांच्या नावावर झाली आहे. शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं नाव चढायचं बाकी आहे, ते कमिटीच्या पुढच्या बैठकीत होईल. नव्या मालकांना मी एवढंच सांगितलं आहे की बाल्कनीला आता जाळी बसवून घ्या. काच कितीही बंद ठेवली तरी माणसं उघडी टाकतात.