जनरेटरचं अडून बसलेलं बेअरिंग: पुलर, सेपरेटर, प्रेस की गॅस?

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीत मांडववाल्यांचे, मंगल कार्यालयांचे जनरेटर यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच: मागनं घरघर येते, कव्हर हात लावू देत नाही इतकं तापतं. बेअरिंग गेलेलं असतं. लहान जनरेटरचं नवं बेअरिंग काही शेकड्यांत मिळतं. जुनं काढताना चुकीचं हत्यार लावलं तर मात्र शाफ्ट जातो, आणि मग रोटरच्याच, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्याच, गळ्याशी येतं. घरी किंवा गॅरेजमध्ये हे काम स्वतः करायला बसलेल्यांसाठी, मी रोज हातात घेतो त्या हत्यारांची ही तुलना.

बेअरिंग किती घट्ट बसलंय यावरून लोक पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं हत्यार, निवडतात. मी आधी बेअरिंगच्या मागची फट बघतो. जनरेटरच्या मागच्या बेअरिंगला लागून कधी स्लिप रिंग (फिरत्या वायंडिंगला वीज पोचवणारी कडी) असते, कधी पंखा, कधी शाफ्टची कॉलर, म्हणजे त्याचा जाड झालेला भाग. पुलरचा पाय तिथं शिरणार की नाही, हे आधी कळलं पाहिजे. हॅक्सॉचं ब्लेड आत सरकवून बघा. ब्लेडच जेमतेम जात असेल तर पायाचा पुलर विसरा, कितीही दणकट असला तरी. सोबत बेअरिंगचा नंबर वाचून घ्या. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की भोक निघतं. ०४ पासून पुढं हा हिशोब चालतो. नंबर कळला की हत्याराचं माप कळलं.

मागं बोटभर जागा असेल तर पायाचा पुलर सगळ्यात सोपा. यात दोन पायांचा की तीन पायांचा, हा प्रश्न दुकानात हमखास येतो. तीन पायांचा ओढ सगळीकडून सारखी देतो, तिरका होत नाही, सटकत नाही. दोन पायांचा अडचणीच्या जागेत शिरतो, पण जोर वाढला की एक पाय घसरतो आणि बेअरिंग तिरकं होऊन आणखी अडकतं. जागा असेल तर मी डोळे झाकून तीन पायांचा घेतो. ६२०५, ६२०६ साठी चार इंची पुरतो. मात्र पायांची टोकं पातळ असलेला बघून घ्या, जाड टोकांचा स्वस्त पुलर इथं उपयोगाचा नाही.

एक चूक मी फार वेळा बघितलीय. पोर्टेबल जनरेटरचा शाफ्ट आतून पोकळ असतो, त्यातून लांब बोल्ट इंजिनच्या शाफ्टपर्यंत जातो. तो बोल्ट काढून पुलर लावला की पुलरच्या स्क्रूचं टोक थेट त्या भोकात बसतं. चार आटे फिरवले की भोकाचं तोंड फाकतं, शाफ्टचं टोक फुगतं आणि मग नवं बेअरिंग चढतच नाही. स्क्रू आणि शाफ्टच्या मध्ये लोखंडाचा सपाट गुटका ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे, ते चुकवू नका.

फट कमी असेल तिथं सेपरेटर. दोन अर्धगोल तुकडे, आतल्या कडा सुरीसारख्या पातळ, दोन्ही बाजूंना बोल्ट. शाफ्टभोवती दोन्ही तुकडे जुळवून बोल्ट आळीपाळीनं आवळत गेलं की त्या कडा फटीत घुसतात आणि पाचरीसारख्या बेअरिंगला जागचं हलवतात. कधीकधी एवढ्यातच केसभर पुढं सरकतं, आणि एकदा हललं की निम्मं काम झालं. मग लांब बोल्टवर आडवी पट्टी चढवून मधला स्क्रू फिरवायचा. जनरेटरच्या कामाला एकच हत्यार घ्यायचं असेल, तर माझं मत सेपरेटर संचाला. फक्त मापाचा घ्या: तुकडे मिटल्यावर मधलं भोक शाफ्टपेक्षा थोडंसंच मोठं राहायला हवं. भोक मोठं राहिलं तर कडा बाहेरच्या रिंगला धरतात आणि सगळा जोर गोळ्यांवरून जातो.

काही शाफ्टची कॉलर इतकी उंच असते की आतली रिंग मागून दिसतच नाही. तिथं बाहेरच्या रिंगलाच धरून ओढावं लागतं. निघतं तसंही, पण ते बेअरिंग परत वापरायचं नाही, चांगलं फिरत असलं तरी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात बुडालेला एक जनरेटर काही महिन्यांनी माझ्याकडं आला. धुऊन पुसून चालू केलेला, पण बेअरिंगमध्ये पाणी राहून आतल्या आत गंज धरलेला. आधी दुसरीकडं कुणीतरी दोन पायांचा पुलर लावला होता. बाहेरची रिंग, केज (गोळ्या धरून ठेवणारी जाळी), गोळ्या सगळं उचकटून निघालेलं, आणि आतली रिंग शाफ्टवर तशीच. तिच्या शेजारी शाफ्टवर छन्नीचे दोन घाव. मागं स्लिप रिंग चिकटून होती, सेपरेटरलाही धरायला काही नव्हतं. शेवटी ग्राइंडर घेतला.

आतल्या रिंगची जाडी ६२०५ ला साधारण तीन मिमी असते. लहान कटिंग व्हीलनं तिच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत खाच पाडायची, शाफ्टला चाक लागू द्यायचं नाही. मग खाचेत छन्नी ठेवून एकच नेमका ठोका. रिंग कडक पोलादाची असते, वाकत नाही. टक् असा आवाज येतो आणि ती उलते. लगेच हातानं फिरायला लागते. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण तुकडा उडतो. वायंडिंग आणि स्लिप रिंग ओल्या फडक्यानं झाका, नाहीतर लोखंडाचा कीस आत जाऊन नवंच दुखणं लागतं. ती रिंग निघाली, पण छन्नीचे घाव कानशीनं उतरवून बेअरिंगची बैठक नीट करण्यात माझी अख्खी दुपार गेली.

गॅसबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. २५ मिमीची रिंग शंभर अंशांनी जास्त तापली तर भोक फक्त ०.०३ मिमी वाढतं. तेवढ्यानं काम होतं, पण रिंग तापेपर्यंत शाफ्ट थंड राहिला तरच. मंद ज्योत बराच वेळ धरली की दोन्ही सारखेच फुगतात आणि पदरात काही पडत नाही. शिवाय बोटभर अंतरावर वायंडिंगचं इन्सुलेशन आणि स्लिप रिंगचं प्लास्टिक असतं. म्हणून जनरेटरवर गॅस मी पुलरच्या जोडीला, ताण देऊन ठेवल्यावर, दहा-पंधरा सेकंदच लावतो. गंजलेलं असेल तर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवणं जास्त कामाला येतं.

प्रेसचा जोर सरळ आणि ताब्यात असतो, पण रोटर उभा करून बेअरिंगखाली पट्ट्या द्याव्या लागतात आणि सुटल्यावर खाली पडणारा रोटर झेलायला दुसरा माणूस लागतो. ६३१० च्या पुढच्या बेअरिंगला, म्हणजे मोठ्या सेटला, हाच मार्ग किंवा हायड्रॉलिक पुलर. हायड्रॉलिक पुलरवर ताण असताना हातोडा मारू नका. साध्या स्क्रूच्या पुलरवर मात्र आवळल्यानंतर स्क्रूच्या डोक्यावर एक टोला दिला की बरेचदा सुटतं.

स्लाइड हॅमर, म्हणजे सरकत्या वजनाच्या ठोक्यानं ओढणारं हत्यार, मुख्यतः भोकात बसलेल्या बेअरिंगसाठी. शाफ्टवरच्याला मी तो घेत नाही.

तेव्हा घरी एकच लहान जनरेटर असेल आणि मागं जागा असेल तर चार इंची तीन पायांचा पुलर घ्या, तो मोटरपंपालाही चालेल. फट कमी असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी सेपरेटर मागून आणा. वर्षातून चार-पाच जनरेटर हातात येत असतील तर स्वतःचा संच घ्या. बाहेरची रिंग आधीच निघून गेली असेल आणि ग्राइंडरवर हात बसलेला नसेल तर तिथंच थांबा. रोटरच्या स्लिप रिंग कापडात गुंडाळा, गाडीत आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी पोती लावा आणि उद्यमनगरात आणा.