कुत्र्या-मांजरांच्या ऑपरेशनला भूल: इंजेक्शनवर भागवावं की गॅस मशीन घ्यावं?

लहान पशु-दवाखान्यात ही चर्चा मशीनच्या किमतीवर येऊन अडते. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: ऑपरेशनं किती वेळ चालतात, जनावरं कोणत्या वयाची आणि प्रकृतीची येतात, आणि जनावराच्या डोक्याशी उभं राहून फक्त भुलीकडे बघणारा दुसरा माणूस आहे का. हा दुसरा माणूस नसेल, तर मशीन सध्या घेऊच नका.

इंजेक्शनच्या भुलीत आपल्याकडे सर्रास चालते ती झायलाझीन (गुंगी आणणारं) आणि केटामाइन (भूल देणारं) यांची जोडी. १० किलोच्या धडधाकट कुत्रीला झायलाझीन १ मिग्रॅ/किलो आणि केटामाइन १० मिग्रॅ/किलो, दोन्ही मसलमध्ये. म्हणजे २० मिग्रॅ/मिली झायलाझीनचे अर्धा मिली आणि ५० मिग्रॅ/मिली केटामाइनचे २ मिली. डोस डॉक्टर ठरवतात, पण सिरिंज भरणाऱ्याने बाटलीवरची ताकद मोठ्याने वाचावी. झायलाझीन १०० मिग्रॅ/मिलीचंही मिळतं; तेच अर्धा मिली भरलं तर डोस पाचपट होतो. या जोडीत साधारण अर्धा ते पाऊण तास काम होतं. पकडून आणलेल्या भटक्या कुत्र्यांना शीर मिळेपर्यंत धरून ठेवणं शक्य नसतं, तिथे हीच जोडी सोयीची.

तिची खोड अशी की भूल किती खोल आहे ते ओळखायच्या नेहमीच्या खुणा इथे चालत नाहीत. केटामाइनवर डोळा उघडा, मध्यभागी राहतो, पापणीला बोट लावलं तर मिटतोही. नवखा माणूस ‘हलकी आहे’ म्हणून आणखी औषध मागतो. त्यापेक्षा जबडा किती सैल आहे ते बघा, बोटांमधली कातडी चिमटून पाय ओढते का ते बघा. उघड्या डोळ्यांत सुरुवातीलाच जेल घाला, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. झायलाझीनमुळे उलटी होते (मांजरांत हमखास), हृदयाचे ठोके मंदावतात, हिरड्या फिकट पडतात आणि पल्स ऑक्सिमीटर आकडा पकडत नाही. प्रोब जिभेवर थोडा सरकवून बघा, मधे ओला गॉज ठेवा; तरीही आकडा नाही आला तर स्टेथोस्कोप लावा, यंत्रावर विसंबू नका. वेळ लांबली की टॉप-अपवर टॉप-अप चढतात आणि कुत्री संध्याकाळपर्यंत डोकं डोलवत पडून राहते. झायलाझीनचा उतारा योहिम्बिन ०.१ मिग्रॅ/किलो सावकाश शिरेतून दिलं तर त्याचा अंमल उतरतो, केटामाइनचा मात्र नाही. केटामाइन दिल्यावर लगेच योहिम्बिन दिलं तर कुत्री ताठरते, आपटते. शिवाय झायलाझीनने मिळणारा वेदनेचा आरामही त्याच्याबरोबर जातो. हे सगळं सोडा, केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) आहे. कुलूप आणि नोंदवही लागतेच.

आयसोफ्लुरेन, म्हणजे मशीनमधून दिला जाणारा भुलीचा गॅस, म्हणजे ‘इंजेक्शनशिवाय भूल’ नव्हे. आधी शांत करणारं औषध, मग शिरेतून झोपवणारं प्रोपोफॉल, मग श्वासनलिकेत नळी, आणि त्यानंतर गॅस. प्रोपोफॉल ४ मिग्रॅ/किलोपर्यंत, मिनिटभर घेऊन थोडं थोडं. घाईने ढकललं की श्वास थांबतो. मांजराच्या घशावर आधी लिग्नोकेनचा (जागा बधिर करणारं औषध) फवारा मारून अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्वरयंत्र आवळतं. गॅसचं प्रमाण ठरवणारी मशीनवरची डायल साधारण १.५ ते २ टक्क्यांवर राहते. इथे डोळा खाली-आत वळतो, पापणी मिटत नाही, भुलीची खोली कळते. डायल बंद करून ऑक्सिजन चालू ठेवला की जनावर बहुधा पाच-दहा मिनिटांत जागं होतं. फायदा हाच. तोटा म्हणजे रक्तदाब उतरतो, म्हणून शिरेत कॅन्युला आणि सलाईन हवंच.

१० किलोच्या आतल्या जनावरांना बेन किंवा टी-पीस (मशीनपासून जनावरापर्यंतच्या साध्या नळ्या), ऑक्सिजनचा प्रवाह २०० मिली/किलो/मिनिट किंवा थोडा जास्त. १० किलोला २ लिटर धरले तर बी-टाइप सिलिंडरमधला सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन साडेबारा तास पुरतो. मोठ्या कुत्र्यांना सर्कल (सोडलेला श्वास सोडा लाइममधून शुद्ध करून परत वापरणारी जोडणी) परवडतो: पहिली दहा मिनिटं २-३ लिटर, मग १ लिटरपर्यंत. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि संपत आला की रंग बदलतो; पण रात्रभरात जुना रंग परत येतो, म्हणून सकाळच्या रंगावर जाऊ नका, तास लिहून ठेवा.

सगळ्यात घातक चूक पॉप-ऑफ व्हॉल्व्हची, म्हणजे जादा गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेची. गळती तपासायला तो बंद करतात आणि उघडायचा राहतो. बॅग फुगत जाते, छातीवर दाब येऊन हृदयाकडे रक्त परतत नाही, आणि काही मिनिटांत जनावर जातं. तपासणी संपेपर्यंत हात व्हॉल्व्हवरून काढायचाच नाही.

वेदनेबाबत मात्र दोन्ही बाजूंनी गैरसमज आहे. आयसोफ्लुरेन आणि प्रोपोफॉल वेदना कमी करत नाहीत. गॅसवरची कुत्री झटकन जागी होते ती दुखण्यातच. वेदनाशामक मेलोक्सिकॅम ०.२ मिग्रॅ/किलो एकदा, पुढचे दिवस कुत्र्याला ०.१, शरीरातलं पाणी कमी झालं असेल किंवा किडनी बिघडली असेल तर नाही. अफूवर्गातल्या वेदनाशामकांपैकी ब्युटॉरफॅनॉलचा असर तास-दोन तासांत ओसरतो, ब्युप्रेनॉर्फिन सहा-आठ तास टिकतं, पण लागू पडायला अर्धा तास घेतं. सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित म्हणजे २ टक्के लिग्नोकेन: १० किलोला एकूण २ मिली, सलाईनने दुप्पट करून दोन्ही अंडाशयांच्या बंधांवर आणि चिऱ्याच्या रेषेत. मांजराला किलोमागे याच्या निम्मं. घरी मालकाने पॅरासिटामॉल देऊ नये हे चिठ्ठीवर लिहाच. मांजराला ती गोळी विष आहे.

तर तरुण, निरोगी जनावरं आणि अर्ध्या तासात उरकणारी नसबंदी एवढंच काम असेल तर इंजेक्शन पुरे. पगसारखी चपट्या नाकाची, म्हातारी, पोटात पू झालेली, किंवा तासाभराचं हाडाचं काम आठवड्याला दोनदा येत असेल तर गॅस. मधल्यांनी आधी ऑक्सिजन सिलिंडर, नळ्या, लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घसा दिसायला), ॲम्बू बॅग (हाताने श्वास द्यायला) आणि पल्स ऑक्सिमीटर घ्यावा; हे इंजेक्शनच्या भुलीतही जीव वाचवतं. मशीन जुनं मिळत असेल तर व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारा, डायल असलेला भाग) आधी हॅलोथेन या जुन्या भुलीच्या औषधासाठी वापरला होता का ते विचारा. हॅलोथेन टिकवायला घातलेला थायमॉल आत साचतो आणि डायल जड होते. कॅलिब्रेशनचा कागद हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.