दाविंची रिझॉल्व्हमधील हलते मास्क: मोफत आवृत्तीत कुठवर निभावते?

ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीच्या दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हलता मास्क, म्हणजे दृश्याचा ठरावीक भाग वेगळा करणारा आणि वस्तूबरोबर सरकणारा आकार, मुख्यत्वे दोन ठिकाणी तयार करता येतो, एक कलर पेजवर आणि दुसरा फ्यूजन पेजवर. या दोन ठिकाणांचा स्वभाव इतका वेगळा आहे की, एका सॉफ्टवेअरचे परीक्षण करता करता आपण दोन सॉफ्टवेअरविषयी लिहीत आहोत असे वाटू लागते. याला इतिहासही कारणीभूत आहे. रंगसंस्करणासाठी घडलेले मूळ दाविंची ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये ताब्यात घेतले, तर फ्यूजन हे दृश्ये एकमेकांत मिसळण्याचे स्वतंत्र सॉफ्टवेअर २०१४ मध्ये आयऑन या कंपनीकडून घेतले आणि २०१८ साली १५व्या आवृत्तीत ते रिझॉल्व्हच्या आत आणून बसवले. हा सांधा आजही जाणवतो आणि नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यामुळे मोफत आवृत्ती चांगली की वाईट असे सरसकट विचारण्यापेक्षा कोणता मास्क कोणत्या पेजवर करावा, हे ठरवणे अधिक उपयोगाचे ठरते.

कलर पेजवर मास्कला ‘पॉवर विंडो’ म्हणतात. वर्तुळ, चौकोन, बहुकोन, मुक्त वक्ररेषा आणि ग्रेडियंट असे आकार उपलब्ध असून आकार ठेवल्यावर शेजारच्या ट्रॅकरला (वस्तूची हालचाल टिपणाऱ्या साधनाला) पुढे किंवा मागे धावायला सांगितले की विंडो त्या वस्तूबरोबर चालू लागते. सावलीतून चालत येणाऱ्या व्यक्तीचा चेहरा थोडा उजळ करायचा असेल, धावत्या गाडीच्या नंबरप्लेटवर धूसरपणा आणायचा असेल किंवा आकाशापुरताच रंग बदलायचा असेल, तर या ट्रॅकरला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो एका बिंदूवर विसंबून न राहता विंडोच्या आतील पोताचे अनेक बिंदू एकाच वेळी पाहतो, त्यामुळे त्यातील काही बिंदू हरवले तरी मास्क लगेच भरकटत नाही.

मात्र ट्रॅकरच्या खिडकीत पॅन, टिल्ट, झूम, रोटेट आणि थ्री-डी अशा ज्या चौकटी असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. भिंत, फलक किंवा मोबाइलचा पडदा अशा सपाट पृष्ठभागासाठी थ्री-डी चालू असणे योग्यच आहे. परंतु वळणाऱ्या चेहऱ्यावर तीच चौकट चालू राहिली, तर सॉफ्टवेअर चेहरा एखाद्या फळीसारखा कलतो आहे असे धरून चालते आणि नीटनेटके वर्तुळ काही फ्रेममध्येच वेडेवाकडे होऊन जाते. चेहऱ्यासाठी ती चौकट बंद ठेवून बाकीच्या चार चालू ठेवल्या की काम बऱ्यापैकी सुरळीत होते. व्यक्तीसमोरून दुसरे कोणी गेले की ट्रॅकिंगच्या आलेखात रेषा एकदम उसळलेल्या दिसतात. अशा वेळी तेवढाच पट्टा निवडून त्यातील माहिती पुसावी आणि मधली जागा दोन्ही बाजूंच्या हालचालीवरून भरून घ्यावी. शिवाय ‘क्लिप’ आणि ‘फ्रेम’ या दोन पद्धतींमधील फरक आधीच समजून घ्यावा: पहिलीत केलेला बदल संपूर्ण हालचालीला लागू होतो, दुसरीत तो त्या फ्रेमवर की-फ्रेम (त्या क्षणाची स्थिती ठरवणारी खूण) म्हणून नोंदवला जातो. हे बटण इतके लहान आणि इतके कोपऱ्यात आहे की त्याची रचना करणाऱ्यांविषयी थोडा राग येतोच.

कलर पेजची मर्यादा मास्कची कड प्रेक्षकाला दिसणार असते तिथे सुरू होते. रंग बदलताना विंडोची किनार मऊ ठेवता येते आणि ती वस्तूपेक्षा थोडी मोठी असली तरी डोळ्यांना खुपत नाही. दृश्याचा एखादा भाग कापून त्याखालचा थर दाखवायचा असेल, तर मात्र नोडच्या (एकेक प्रक्रिया दाखवणाऱ्या, रेषांनी जोडलेल्या चौकटींच्या) आलेखात अल्फा आउटपुट (पारदर्शकतेची माहिती) जोडून तेही साधता येते खरे, पण आकाराचा प्रत्येक बिंदू वेळोवेळी हलवण्याचे काम तिथे कंटाळवाणे होते. कापण्याचे काम फ्यूजनमध्येच करावे.

याचे सर्वांना परिचित उदाहरण म्हणजे खांबाचे संक्रमण. कॅमेरा सरकताना समोरून एक खांब जातो आणि त्याच्या मागून पुढचे दृश्य उलगडते. टाइमलाइनवर खांबाची क्लिप वरच्या ट्रॅकवर आणि पुढचे दृश्य खालच्या ट्रॅकवर ठेवून वरची क्लिप फ्यूजनमध्ये उघडावी आणि तिच्या मीडिया-इन (क्लिप आत आणणाऱ्या) नोडला पॉलिगॉन मास्क जोडावा. खांबाची मागची कड पहिल्यांदा चौकटीत दिसते त्या फ्रेमवर आकार काढावा. त्याची एक बाजू त्या कडेला चिकटलेली असावी आणि उरलेल्या बाजू चौकटीच्या बऱ्याच बाहेर असाव्यात, म्हणजे नंतर कोपऱ्यात फट पडत नाही. फ्यूजनमध्ये पॉलिगॉनचा आकार पहिल्या क्षणापासून आपोआप की-फ्रेम होत असतो. याची कल्पना नसलेल्या माणसाला आपला स्थिर मास्क मध्येच का हलला हे कळत नाही. पण ज्याला हलता मास्कच हवा आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण पुढच्या फ्रेमवर जाऊन बिंदू ओढला की काम झाले.

आता फ्रेमामागून फ्रेम असे जाऊ नये. आधी कड चौकटीतून बाहेर पडते ती शेवटची फ्रेम करावी, मग बरोबर मधली, मग दोन्ही अर्ध्या भागांच्या मधल्या. कॅमेऱ्याचा वेग एकसारखा असेल, तर थोड्याच की-फ्रेममध्ये कड खांबाला चिकटते आणि थरथर टळते. प्रत्येक फ्रेमवर हाताने बिंदू बसवला तर हाताचा सूक्ष्म फरकच पडद्यावर लुकलुकताना दिसतो. चालणाऱ्या माणसासाठी एकच मोठा आकार न काढता डोके, धड, दंड आणि कोपराखालचा हात असे वेगळे आकार करून ते एकमेकांवर थोडे चढवून ठेवावेत. अ‍ॅनिमेशनपट बनवणारे मॅक्स फ्लायशर यांना रोटोस्कोपचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले. फ्रेमवरून आकृती गिरवण्याचे ते काम आज संगणकावर होते एवढाच फरक, चिकाटी तेवढीच लागते.

कडेच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. २५ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर साधारणपणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका उघडा असतो, त्यामुळे वेगाने जाणारा खांब प्रत्येक फ्रेममध्ये थोडा फरफटलेला असतो, आणि त्यावर धारदार मास्क बसवला की तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. सॉफ्ट एज वाढवणे हा त्यावरचा अर्धाच उपाय आहे, कारण तो चारही बाजूंना सारखाच मऊपणा आणतो. पॉलिगॉनच्या सेटिंग्जमध्ये मोशन ब्लर चालू करून शटर अँगल १८० (म्हणजे शटर फ्रेमच्या अर्ध्या वेळेपुरता उघडा) ठेवला, की मास्क आपल्या हालचालीच्या दिशेनेच पुसट होतो आणि जोड बहुधा लक्षात येत नाही. एवढी बारकाईची सोय मोफत आवृत्तीत मिळते, ही बाब मला या सॉफ्टवेअरची सर्वांत जमेची बाजू वाटते.

उणिवाही कमी नाहीत. फ्यूजन ग्राफिक्स कार्डाची मेमरी आणि रॅम दोन्ही मुक्त हस्ताने वापरते. साध्या लॅपटॉपवर मोशन ब्लर चालू ठेवून आकार हलवणे हा संयमाचा कस पाहणारा प्रकार ठरतो, म्हणून ते अगदी शेवटी चालू करावे. कलर पेजवरील ट्रॅकिंग फ्यूजनमध्ये थेट वापरता येत नाही. नोडची पद्धत समजेपर्यंत साधा मास्कही कोड्यासारखा भासतो. ज्यांना नोड नकोच वाटतात, त्यांनी केडेनलाइव्ह या दुसऱ्या संपादन सॉफ्टवेअरमधील रोटोस्कोपिंग हा इफेक्ट पाहावा. त्यात टाइमलाइन न सोडता आकार काढून की-फ्रेम लावता येतात आणि तेही सॉफ्टवेअर मोफत आहे; मात्र मोशन ब्लरसारखी बारकाई तिथे अपेक्षू नये.

राहता राहिला स्टुडिओ या सशुल्क आवृत्तीतील मॅजिक मास्क. १७व्या आवृत्तीत आलेले हे साधन व्यक्तीवर एक रेघ ओढताच तिचा आकार ओळखून पुढे चालत राहते. माणसाच्या मागे अक्षरे सरकवण्यासारखे काम रोजचे असेल, तर वाचणाऱ्या तासांकडे पाहता स्टुडिओ घेणे योग्यच, शिवाय त्याचे पैसे एकदाच भरावे लागतात. परंतु विस्कटलेले केस, बोटे आणि पार्श्वभूमीच्याच रंगाचे कपडे यांच्याभोवती त्याचीही कड डळमळू शकते, आणि ती सावरायला हाताने काढलेला आकारच लागतो. खांब, दार, गाडी, फलक अशा ठाम कडांच्या वस्तूंसाठी मात्र मॅजिक मास्कची गरज पडत नाही. केवळ तेवढ्यासाठी स्टुडिओ घेऊ नये.