१४ वर्षांची वॅगन: इंजिन ठणठणीत, रबर म्हातारं

आमची स्टेशन वॅगन मी घेतली तेव्हा ती ९ वर्षांची होती आणि १,०८,००० किलोमीटर पळालेली होती. दोन लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअर, छतावर कॅरियरच्या पट्ट्या. आज ती १४ वर्षांची आहे, काट्यावर १,८६,००० आहेत. दोन मुलं, दोन सायकली आणि ओला झाला की खास माझ्याच सीटवर अंग झटकणारा कुत्रा, हे सगळं तिने विनातक्रार वाहिलं. या ५ वर्षांतला प्रत्येक खर्च मी वहीत लिहिलाय. त्यात इंजिनाच्या पोटातल्या लोखंडावर एकही ओळ नाही. क्लच सोडला तर पैसे गेले ते बहुतेक रबर आणि वायरी यांच्यापायी, आणि त्यांच्यापर्यंत हात पोचवायला लागणाऱ्या मजुरीवर.

आधी मागच्या दाराबद्दल, कारण ही कटकट साध्या डिकीच्या गाडीला सहसा एवढी नसते. वॅगनचं मागचं दार वर उघडतं, आणि त्यातल्या वायपरच्या, कुलपाच्या, दिव्यांच्या सगळ्या वायरी बिजागरीजवळच्या एका रबरी नळीतून जातात. दार दिवसातून चार वेळा उघडलं तर त्या वायरी चार वेळा वाकतात. वर्षानुवर्षं. आधी आमचा मागचा वायपर बंद पडला. पहिल्या गॅरेजने मोटर बदलली, बिल दिलं, वायपर आठवडाभर चालला. मग नंबरप्लेटचा दिवा गेला, मग दार बटणाने उघडेना, आणि शेवटी उजवा इंडिकेटर दिला की वायपर एकदा हलून गप्प व्हायचा. दुसऱ्या मेकॅनिकने काही न विचारता ती रबरी नळी सोलली. आत चार वायरी तुटलेल्या, दोन एकेका तारेवर लोंबकळत. "ताई, मोटर चांगलीच होती हो तुमची," तो म्हणाला. दोन तासांची मजुरी आणि वीतभर नवी वायर, एवढ्यात काम झालं. ती जुनी, चांगली मोटर अजून माझ्या माळ्यावर आहे. बघितली की राग येतो.

त्याच दाराचे गॅसचे दांडे थंडीत दम सोडायचे आणि दार डोक्यात यायचं. हे मात्र घरी होतं: पेचकसाने क्लिप सैल करायची, कोणीतरी दार धरायचं, दोन्ही दांडे एकदम बदलायचे. एकच बदललात तर सगळा भार नव्यावर येतो.

आता वहीतलं सगळ्यात शहाणं करून सोडणारं पान. तिसऱ्या वर्षी मला जाणवलं की तापमानाचा काटा मधोमध न येता त्याच्या खालीच रेंगाळतो आणि हीटर कोमट हवा फेकतो. मी दुर्लक्ष केलं, कारण गाडी तापत नाही यात तक्रार ती काय? चूक तिथेच झाली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला होता, म्हणून इंजिन नीट गरमच होत नव्हतं. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून तो साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण इंजिन पुरेसं गरम असल्याशिवाय गाडीचा संगणक हे काम हातीच घेत नाही. त्यात माझ्या फेऱ्या शाळा आणि बाजार एवढ्याच. फिल्टर तुंबला, गाडी ओढेना, दिवा लागला. स्कॅनरवर दोन कोड आले, एक थर्मोस्टॅटचा आणि एक फिल्टरचा, आणि पहिल्या गॅरेजला फक्त दुसरा दिसला. नवा फिल्टर टाका म्हणाले. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी गाडी विकायच्या जाहिरातीचा मजकूरही लिहून ठेवला होता. दुसऱ्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग फिल्टर काढून धुवायला पाठवला. दोन्ही मिळून नव्या फिल्टरच्या पाचव्या हिश्श्यात काम झालं. तेव्हापासून दर पंधरवड्याला मी तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवते.

सगळ्यात मोठं बिल क्लचचं. गाडी बंद करताना खडखड, न्यूट्रलमध्ये गुरगुर, क्लच दाबला की शांत. ही खराब झालेल्या दोन तुकड्यांच्या फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिन आणि क्लचमधल्या जड चाकाची खूण. त्यात आत स्प्रिंगा असतात आणि त्या ढिल्या होतात. गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एकदाच केलं. गाडीच्या खरेदी किमतीचा जवळजवळ सातवा हिस्सा गेला. पोट दुखलं, पण दीड लाख किलोमीटरनंतर गेलेल्या फ्लायव्हीलला नावं कशी ठेवणार?

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, मी गाडी घेतल्याघेतल्या बदलला. आधीचा मालक म्हणाला होता, "अजून ३०,००० किलोमीटर सहज जाईल." किलोमीटर असतील हो, पण कंपनी बेल्टला वर्षांचीही मुदत देते, आणि ती उलटून गेली होती. बेल्ट तुटला तर आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग बोलणंच खुंटतं. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून घ्यावा. तिथवर पोचायची मजुरी तीच. पुढच्या आर्मचे बुश, इंजिनाचं एक फाउंडेशन, एक फुटलेला टर्बोचा पाइप हे किरकोळीत धरते.

अशी गाडी बघायला जाल तर इंजिन गार असताना जा, आणि मालकाने तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. ओल लागली तर दिव्यांचं किंवा दाराचं रबर गेलंय. मागच्या चाकांवरच्या कमानी आतून चाचपा, गंज तिथे सुरू होतो. बेल्टची पावती मागा. पावती नसली तर बेल्ट बदललाच नाही असं समजून भाव करा.

५ पैकी ४. एक गुण कापला तो मागच्या शॉकअपमुळे. सामान भरलं तरी गाडी मागून बसू नये म्हणून कंपनीने आपोआप उंची सांभाळणारे शॉकअप दिलेत, आणि गेल्या आठवड्यात उजव्यावर तेलाचा ओघळ दिसला. असल्या एका जोडीच्या किमतीत साधे शॉकअप आणि जाड स्प्रिंगा चारही चाकांना बसतात. मेकॅनिक म्हणतो साधे टाका. मी अजून ठरवलं नाही.